चार प्रयत्न, दहा यार्ड

२००५ सालचा युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सासचा फुटबॉल हंगाम मी पहिल्या सामन्यापासून शेवटच्या सामन्यापर्यंत पाहिला. काही सामने स्टेडियममध्ये उभं राहून, बरेचसे टीव्हीवर. मास्टर्ससाठी ऑस्टिनला गेले ते नेमकं त्या वर्षी. १९७० नंतर या संघाला राष्ट्रीय विजेतेपद मिळालं नव्हतं. ते मिळालं त्या हंगामात मी हा खेळ मुळापासून शिकले. म्हणून कॉलेज फुटबॉल म्हणजे काय असं कुणी विचारलं की मी त्याच चार-पाच महिन्यांबद्दल बोलते. (फुटबॉल म्हणजे अर्थातच अमेरिकन फुटबॉल. लंबगोल चेंडू, हेल्मेट, आणि बहुतेक सगळा खेळ हाताने.)

२६ जुलैच्या पावसात डोंबिवलीत आमच्या इमारतीचा तळमजला पाण्याखाली गेला होता. तो चिखल उपसून जेमतेम होतोय तोवर ऑगस्टमध्ये मी निघाले. ऑस्टिनला पोचून आठवडे उलटतात न उलटतात तोच कतरिना वादळाने न्यू ऑर्लिन्स बुडवलं. हजारो लोकांना विमानांनी ऑस्टिनला आणून शहराच्या कन्व्हेन्शन सेंटरमध्ये ठेवलं होतं. आमच्या विभागातली मुलं तिथे कपडे, चादरी, डायपर नेऊन देत होती, मीही गेले. त्याच शनिवारी, ३ सप्टेंबरला, हंगामाचा पहिला सामना होता आणि प्रतिस्पर्धी होता लुइझियाना राज्यातलाच एक संघ, लुइझियाना-लाफायेट. टेक्सासने ६०-३ असा जिंकला. खेळातलं मला काडीचंही कळलं नाही. पण ऐंशी हजारांहून जास्त माणसं एकाच विटकरी-नारिंगी रंगाच्या शर्टांत आलेली मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते, आणि त्यांतल्या कित्येकांनी तो आठवडा विस्थापितांच्या रांगांत जेवण वाढण्यात घालवला होता. हे दोन्ही एकाच गावाचं आहे, हे मला तेव्हाच दिसलं.

विद्यार्थ्यांसाठी विद्यापीठाच्या सगळ्या खेळांचा मिळून एक पास असे. फी भरताना तो घेता यायचा, आणि सामन्याच्या आठवड्यात रांग लावून प्रत्यक्ष तिकीट घ्यायचं. भारतातून आलेली बहुतेक मुलं पहिल्या सत्रात एकेक डॉलर मोजत असतात, त्यामुळे पास घ्यायचा का यावर आमच्या घरात रीतसर चर्चा झाली. माझी नागपूरची रूममेट म्हणाली, "अगं, इथे येऊन हेच बघायचं नाही तर मग काय बघायचं?" तिचं ऐकलं ते फार बरं झालं.

सामन्याच्या दिवशी सान हासिंतो रस्त्यावर सकाळपासून तंबू लागायचे. गाड्यांच्या डिकी उघड्या, मागे धुराची शेगडी, त्यावर आदल्या रात्रीपासून मंद आचेवर ठेवलेलं ब्रिस्केट. आम्ही शाकाहारी आहोत म्हटल्यावर एका बाईंनी कोळशावर भाजलेली कणसं आमच्या हातात ठेवली, वर लोणी चोपडून, आणि मुलाला सांगितलं, यांना खुर्च्या दे. ओळखदेख काही नाही. पुढे प्रत्येक घरच्या सामन्याला आम्ही त्यांच्या तंबूत डोकावत राहिलो.

खेळ मला शिकवला तो आमच्या लॅबमधल्या एका तंत्रज्ञाने. वय पन्नासच्या आसपास, जन्म टेक्सासचाच. यंत्र तापायला लागणाऱ्या वीस मिनिटांत ते फळ्यावर आकृत्या काढायचे. त्यांनी सांगितलेलं सूत्र एवढंच: चेंडू ज्यांच्याकडे आहे त्यांना चार प्रयत्न, आणि त्या चारांत किमान दहा यार्ड पुढे सरकायचं. सरकलात तर पुन्हा नवे चार. नाही सरकलात तर चेंडू समोरच्यांना, तोही जिथे अडलात तिथेच. एकेका प्रयत्नाला म्हणतात डाउन. तीन डाउन झाले आणि थोडे यार्ड उरले की बहुतेक संघ चौथ्या डाउनला लाथ मारून चेंडू लांब उडवून देतात, म्हणजे समोरच्याला निदान लांबून सुरुवात करावी लागते. चौथ्या डाउनला खेळायचंच ठरवलं तर तो जुगार. कबड्डीत शेवटचा गडी बोनस रेषेकडे पाय टाकतो तेव्हा सगळं मैदान जसं श्वास रोखतं, तसं तेव्हा होतं.

आणि मग त्यांनी १९६९ ची गोष्ट सांगितली. ६ डिसेंबर १९६९, आर्कान्सा राज्यातलं फेएटव्हिल. पहिल्या क्रमांकाचा टेक्सास, दुसऱ्या क्रमांकाचा आर्कान्सा, प्रेक्षकांत राष्ट्राध्यक्ष निक्सन. टेक्सास १४-८ असा मागे, पाचेक मिनिटं उरलेली, चौथा डाउन, तीन यार्ड हवेत. सगळ्यांना वाटलं, आता धावून तीन यार्ड काढतील. प्रशिक्षक डॅरेल रॉयल यांनी लांब पास टाकायला सांगितला. क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू हातात घेऊन चाल ठरवणारा आणि पास टाकणारा गडी, जेम्स स्ट्रीटने ४४ यार्डांचा पास टाकला, रँडी पेशलने तो खांद्यावरून झेलला, आणि टेक्सास १५-१४ जिंकला. ऑस्टिनच्या स्टेडियमला आज त्याच रॉयल यांचं नाव आहे. हे सांगताना ते थांबले आणि म्हणाले, त्या संघात एकही काळा खेळाडू नव्हता, हेही लिहून ठेव. टेक्सासचा पहिला काळा नियमित खेळाडू, ज्युलियस व्हिटियर, १९७० मध्ये आला. २००५ च्या संघाचा क्वार्टरबॅक होता व्हिन्स यंग, ह्यूस्टनचा काळा मुलगा, आणि सगळं राज्य त्याच्या पायांकडे डोळे लावून बसलं होतं.

दुसराच सामना ओहायोत, कोलंबसला होता, १० सप्टेंबरच्या रात्री. टेक्सास क्रमवारीत दुसरा, ओहायो स्टेट चौथा, मैदानात लाखाहून जास्त माणसं. घरी फोन केला तर गणपतीची आरती चालू होती. मी आईला म्हटलं, थोड्या वेळाने करते, आत्ता सामना आहे. तिला वाटलं क्रिकेट. ओहायो २२-१६ ने पुढे होतं आणि अडीच मिनिटांच्या थोडा वर वेळ उरला होता. यंगने डाव्या कोपऱ्यात चोवीस यार्डांचा पास टाकला आणि लिमस स्वीडने तो मागे पडता पडता दोन्ही हातांनी धरला. त्याचा खांदा आधी टेकतो, मग पाठ, आणि चेंडू छातीशी तसाच. टीव्हीवर तो झेल पुन्हा पुन्हा दाखवत होते आणि मी प्रत्येक वेळी त्याच्या बोटांकडे बघत होते. टेक्सास २५-२२. त्या रात्री मला खेळ कळला असं म्हणता येईल.

पण हंगामाचा जीव कशात आहे ते कळायला आणखी थोडे दिवस लागले. आपल्याला रणजीची, आयपीएलची सवय. गटसाखळी, उपांत्य फेरी, अंतिम फेरी, दोन सामने हरलात तरी गणित जुळू शकतं. तेव्हाच्या कॉलेज फुटबॉलमध्ये वरच्या पातळीवर शंभराहून जास्त संघ होते आणि बाद फेरी नावाची गोष्टच नव्हती. प्रशिक्षकांची मतं, जाणकारांची मतं आणि काही संगणकांची गणितं एकत्र करून दर आठवड्याला क्रमवारी लागायची, आणि डिसेंबरमध्ये जे पहिले दोन असतील त्यांचाच एक अंतिम सामना. एक पराभव झाला की बहुधा खेळ खलास. सगळे जिंकूनही जागा मिळेलच असं नाही. आदल्याच वर्षी ऑबर्नचा संघ एकही सामना न हरता बाहेर राहिला होता. ही पद्धत अन्यायाची होती असं मला तेव्हा वाटायचं, आजही वाटतं. पुढे २०१४ च्या हंगामापासून चार संघांची आणि नंतर बारा संघांची बाद फेरी आली ते योग्यच झालं. तरीही एक कबूल करायला हवं की सप्टेंबरमधल्या साध्या शनिवारला तेव्हा जे वजन होतं ते कुठल्याही लीगमध्ये मी पाहिलेलं नाही. पहिला क्रमांक जवळजवळ हंगामभर दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाकडे, म्हणजे यूएससीकडे होता. आदल्या दोन वर्षांचे विजेते, त्यांतलं २००३ चं विजेतेपद विभागून मिळालेलं. त्यांनीही हरायचं नाही आणि आपणही नाही, असं सगळं एका दोरीवर चाललं होतं.

सप्टेंबरच्या शेवटी रिटा वादळ आलं. ह्यूस्टन रिकामं झालं, महामार्गांवर लोक रात्रभर गाडीत अडकून होते, आणि आमच्या बाजूच्या घरात एकाच खोलीत एका वर्गमित्राचं आख्खं कुटुंब राहायला आलं. त्या शनिवारी सामना नव्हता, ते एक बरं.

८ ऑक्टोबरला ओक्लाहोमा. हा सामना दोघांच्याही गावात होत नाही. डॅलसमध्ये टेक्सासच्या राज्य जत्रेच्या मधोमध कॉटन बोल नावाचं जुनं स्टेडियम आहे, तिथे होतो. पन्नास यार्डांच्या रेषेवर प्रेक्षकांची फाळणी: अर्धं मैदान नारिंगी, अर्धं गडद लाल. बाहेर आकाशपाळणा, तळलेल्या पदार्थांचा वास, गुरांचं प्रदर्शन. आधीची सलग पाच वर्षं टेक्सास तिथे हरत आला होता, आदल्या वर्षी तर एकही गुण न करता. आमचे लॅबमधले गृहस्थ त्या आठवड्यात नीट बोलतही नव्हते. जमाल चार्ल्स नावाचा पहिल्या वर्षाचा पोरगा ऐंशी यार्ड पळाला आणि सामना ४५-१२ संपला. सोमवारी त्यांनी सगळ्या लॅबसाठी डोनट आणले.

घरच्या मैदानावर मग कोलोराडो आणि टेक्सास टेक दोघेही साफ झाले. विद्यार्थ्यांच्या स्टँडमध्ये कुणी बसत नाही. साडेतीन तास उभं. एंड झोनच्या, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या पट्ट्याच्या मागे बेव्हो नावाचा लांब शिंगांचा बैल, विद्यापीठाचं जिवंत मानचिन्ह, नारिंगी-पांढरा, इतक्या गोंगाटात रवंथ करत शांत बसलेला. प्रत्येक टचडाउननंतर, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या एंड झोनमध्ये पोचला की, तोफेचा आवाज. आणि विद्यापीठाच्या बँडचा तो प्रचंड ढोल, चाकांवर ओढत आणलेला. ढोल वाजताना छातीत जे होतं ते गिरगावात गुढीपाडव्याला शोभायात्रेत उभं राहिलेल्या माणसाला सांगायला नको.

२९ ऑक्टोबरचा दिवस मात्र वेगळा गेला. सकाळी उठलो तर दिल्लीत बॉम्बस्फोटांच्या बातम्या. दिवाळी तीन दिवसांवर, बाजार गर्दीने भरलेले, आणि त्यातच स्फोट. आमच्या घरातल्या हैदराबादच्या मुलीची बहीण दिल्लीत नोकरीला होती. फोन लागत नव्हता. लागला तेव्हा ती सुखरूप आहे कळलं आणि तिघी नुसत्या बसून राहिलो. त्या दिवशी टेक्सासचा सामना स्टिलवॉटरला ओक्लाहोमा स्टेटशी होता. टीव्ही लावला तो घरात काहीतरी आवाज हवा म्हणून. दुबळ्या समजल्या जाणाऱ्या त्या संघाने २८-९ अशी आघाडी घेतली होती. मध्यंतरानंतर लगेच यंग चेंडू घेऊन ऐंशी यार्ड पळत सुटला. उंच माणसाची लांब ढांग असते, तो पळतोय असं वाटतच नाही, पण मागचे गडी मागेच राहत जातात. त्या एका सामन्यात त्याने २६७ यार्ड धावून काढले. टेक्सास ४७-२८. हैदराबादच्या मुलीला खेळात अजिबात रस नव्हता. त्या धावेवर ती पहिल्यांदा उठून उभी राहिली.

नोव्हेंबरात बेलर ६२-०, कॅन्सस ६६-१४. हे सामने मला आवडले नाहीत. इतक्या एकतर्फी खेळात राखीव मुलांना मैदानात धावताना बघणं एवढाच आनंद असतो.

थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी कॉलेज स्टेशन नावाच्या गावात टेक्सास ए अँड एम विद्यापीठाशी सामना. तिथे माझा इंजिनिअरिंगचा वर्गमित्र शिकत होता. मराठी मुलांचं प्रमाण तिथेही भरपूर. एका अपार्टमेंटमध्ये डझनभर जण, मोठ्या पातेल्यात पावभाजीची भाजी, आणि घरात उघड उघड दोन तट. या सामन्याआधी ए अँड एमची मुलं पूर्वी लाकडांचा प्रचंड मनोरा रचून पेटवत. १८ नोव्हेंबर १९९९ ला तो रचताना कोसळला आणि बारा जण गेले. अकरा विद्यार्थी आणि एक माजी विद्यार्थी. त्या जागी आता स्मारक आहे. सकाळी मित्राने आम्हाला तिथे नेलं. गोलाकार दगडी रचना, त्यात बारा कमानी, प्रत्येक कमान त्या त्या मुलाच्या गावाच्या दिशेने उघडणारी. त्यानंतर दुपारी एकमेकांना डिवचणं जरा मवाळ झालं. टेक्सास ४०-२९, आणि तो हंगामातल्या कठीण सामन्यांपैकी एक होता. ह्यूस्टनमध्ये आमच्या परिषदेच्या, म्हणजे टेक्सास ज्या संघांच्या गटात खेळायचा त्याच्या अंतिम सामन्यात कोलोराडोला ७०-३ हरवल्यावर जागा पक्की झाली: ४ जानेवारी २००६, कॅलिफोर्नियातलं पासाडिना, रोझ बोल स्टेडियम, समोर यूएससी.

यूएससी सलग चौतीस सामने जिंकून आली होती. देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूला मिळणारी हाइझमन ट्रॉफी त्यांच्या मॅट लाइनर्टला २००४ ची, रेजी बुशला २००५ ची. यंग त्या मतदानात दुसरा. बहुतेक तज्ज्ञ यूएससीचंच नाव घेत होते.

सुट्टी होती, स्थानिक मुलं घरी गेलेली. भारतात जायला तिकिटाचे पैसे नसलेले आम्हीच काय ते गावात उरलो होतो. ऑस्टिनच्या फार वेस्ट नावाच्या भागातल्या आमच्या घरात फुकट मिळालेल्या जुन्या टीव्हीसमोर जमेल तेवढी माणसं बसली.

त्या सामन्यात चौथ्या डाउनला इतकं काही घडलं की लॅबमधल्या फळ्यावरचे सगळे धडे एकदम समोर आले. पहिल्या अर्ध्यात यूएससी टेक्सासच्या गोलजवळ चौथ्या डाउनला एका यार्डासाठी अडली. टेक्सासचा पहिला टचडाउन, खरं सांगायचं तर, द्यायलाच नको होता. मागे चेंडू देण्याआधी यंगचा गुडघा टेकला होता (गुडघा टेकला की तो डाउन तिथेच संपतो), आणि तो निर्णय तपासला गेला नाही. मध्यंतराला १६-१०. मग यूएससीचं यंत्र सुरू झालं, आणि पावणेसात मिनिटं उरली असताना फलक होता ३८-२६. आमच्यातले दोघे उठून भात लावायला गेले. यंग स्वतः पळून एक टचडाउन करून गेला: ३८-३३.

चेंडू यूएससीकडे, सव्वादोन मिनिटं उरलेली. मैदानाच्या जवळजवळ मध्यावर चौथा डाउन, दोन यार्ड हवेत. लाथ मारून चेंडू लांब घालवायचा की दोन यार्ड काढून सामना तिथेच संपवायचा? प्रशिक्षक पीट कॅरल यांनी खेळायचं ठरवलं. लेनडेल व्हाइट, अंगाने दांडगा, त्याला त्या रात्री कुणी अडवू शकलं नव्हतं. मायकेल हफ आणि त्याच्या सोबत्यांनी तो दोन यार्डांच्या आतच थोपवला. या निर्णयावर कॅरल यांना लोकांनी पुढे कितीतरी वर्षं दोष दिला. माझ्या मते निर्णय बरोबर होता. दोन यार्डांसाठी त्यांच्याकडे देशातला सर्वोत्तम हल्ला होता आणि चेंडू परत दिला असता तर तो यंगच्याच हातात गेला असता. चुकलं असेल तर एवढंच, की त्या क्षणी रेजी बुश मैदानात नव्हता. तो नुसता उभा असता तरी बचावाचे दोन डोळे त्याच्याकडे राहिले असते.

५६ यार्ड जायचे होते. तिसरा डाउन आणि बारा यार्ड अशी वेळ आली, तिथे छोटा पास गेला आणि यूएससीच्या गड्याने हेल्मेटची जाळी ओढल्याचा दंड मिळाला. मग आठ यार्डांवर येऊन गाडी अडली. चौथा डाउन, पाच यार्ड हवेत, सव्वीस सेकंद.

खोलीत कुणी बोललं नाही. यंगने चेंडू घेतला, डावीकडून उजवीकडे एक नजर फिरवली, पास द्यायला कुणी मोकळं नाही हे पाहिलं आणि उजव्या बाजूने निघाला. धडपड नाही, कुणाला हुलकावणी देणंही नाही. त्या कोपऱ्यापर्यंत त्याला कुणाचा हात लागला नाही. एकोणीस सेकंद उरली होती. टचडाउननंतर मिळणाऱ्या जादा प्रयत्नाचे दोन गुणही त्यानेच पळून काढले: ४१-३८. त्या रात्री त्याचे पासचे २६७ आणि धावण्याचे २०० यार्ड झाले होते.

लॅबमधल्या गृहस्थांना मी फोन केला. त्यांनी उचलला आणि बराच वेळ फक्त श्वास ऐकू येत होता. मग म्हणाले, "दोन्ही पाहिले. सदुसष्ट... नाही, एकोणसत्तर, आणि हा." वर्षसुद्धा त्यांना नीट बोलता येत नव्हतं.

आम्ही कुणाच्या तरी गाडीत कोंबून ग्वाडालूप रस्त्यावर गेलो. सुट्टीतलं रिकामं गाव कुठून कुठून माणसं गोळा करून आलं होतं. विद्यापीठाचा मनोरा पूर्ण नारिंगी दिव्यांत उजळलेला आणि खिडक्यांचे दिवे लावून त्यावर मोठा १ काढलेला. अनोळखी माणसं येऊन हातावर हात मारत होती. माझ्या हातात आठवणीने घेतलेला कॅमेरा होता. रात्रभर मी बहुतेक वर बघणाऱ्या माणसांच्या चेहऱ्यांचेच फोटो काढले.

१३ सामने, १३ विजय, ६५२ गुण. आधुनिक काळात एका हंगामात तोवर कुठल्याच संघाने इतके गुण केले नव्हते. पण त्या वर्षाचा विचार करताना मला आणखी एक गोष्ट खुपत राहते. यंगच्या दहा क्रमांकाच्या जर्सी ग्वाडालूपवरच्या दुकानांत ढिगाने खपल्या, टीव्हीवाल्यांनी, विद्यापीठाने, परिषदेने पैसे कमावले, आणि ज्याच्या पायांनी हे केलं त्याला नियमाने शिष्यवृत्तीपलीकडे एक पैसा घेता येत नव्हता. हे बदलायला २०२१ उजाडावं लागलं, तेव्हा कॉलेज खेळाडूंना आपल्या नावावर कमाई करायची मुभा मिळाली. यंगने सामन्यानंतर चारच दिवसांत व्यावसायिक फुटबॉलमध्ये जायचं जाहीर केलं तेव्हा गावात थोडी नाराजी होती. मला ती पटली नाही. त्याच्या जागी कुणाचाही भाऊ असता तर त्याने हेच केलं असतं. त्याचं शिक्षण अर्धवट राहिलं, पण २०१३ मध्ये परत येऊन त्याने टेक्सासचीच पदवी घेतली.

पुढच्या सप्टेंबरात ओहायो स्टेट परतीच्या सामन्याला ऑस्टिनमध्ये आली. क्वार्टरबॅक नवा होता, कोल्ट मॅकॉय. आम्ही २४-७ हरलो. कणसंवाल्या बाईंचा तंबू त्याच जागी होता, आणि पास मी त्या वर्षी कुणाला न विचारता घेतला होता.